एका फ्लॉपीत मावेल तेवढं लग्न

लग्नपत्रिका कॉम्प्युटरवर जुळवायची जळगावला आणि छापायची धुळ्याला, हे ज्यानं ठरवलं त्याला मी रोज शिव्या घालायचो. तो मीच होतो.

त्या दिवशी दुकानात एरंडोलकडचे तोताराम आबा बसले होते. मुलीचं, कुंदाचं लग्न. धुळ्याचा छापखाना त्या रात्रीपुरतंच मशीन मोकळं ठेवणार होता. पत्रिकेची फाईल भरलेली फ्लॉपी संध्याकाळच्या एसटीनं गेली नाही, तर पत्रिका लग्नाआधी मिळणार नव्हती.

पत्रिकेत कुंदाच्या वारलेल्या आईचा फोटो होता. तो नसेल तर पत्रिकाच नको, असं तिनं बापाला बजावलं होतं. त्या फोटोनं फाईल फुगली होती. फाईल लहान करणारा माझा प्रोग्राम दोनच तऱ्हांनी चालायचा. झटपट आवळ म्हटलं तर दोन फ्लॉप्या लागत, आणि त्यातली एक धुळ्याला पोचेपर्यंत हमखास मरे. गच्च आवळ म्हटलं तर एकीत मावे, पण अर्धा तास खाई. मी गच्च निवडलं.

पडद्यावरची पट्टी निम्मी भरली तोच आबा म्हणाले, "भाऊ, झुलाल नानानं नाव ऱ्हायनं. रुसी जाई तो."

नाव घातलं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मग भिकुबाई आत्या आठवल्या. मग दोंडाईच्याचे जुने व्याही. मग वीज गेली; आली तेव्हा पुन्हा पहिल्यापासून. पत्रिकेत नाव नाही तर माणूस मांडवात येत नाही, हे मला कळत होतं. पण माझं डोकं फिरलं.

"आबा, एक तर नावं थांबवा, नाही तर फोटो काढून टाकतो. फोटो काढला की लगेच होतंय."

"फोटू ऱ्हाऊ द्या. नावं बठ्ठा काढी टाका."

"नावांनी काही फरक पडत नाही हो. सगळी काढली तरी फाईल तेवढीच. वजन आहे ते फोटोचं."

"इतला लोकेसनं वजनच नही?"

"नाही."

मी नावंही ठेवली आणि फोटोही, आणि पट्टी एकदाची पुरी भरली. एसटी गाठता आली असती. फ्लॉपी काढता काढता पडद्याकडे पाहिलं आणि मी कपाळावर हात मारला. फोटोखाली नावच नव्हतं. अख्ख्या भावकीची नावं सांगितली, पण बायकोचं नाव आबांनी घेतलंच नव्हतं. जन्मात कधी घेतलं नसेल. आणि मला, शहाण्याला, विचारायचं सुचलं नव्हतं.

"आबा, यांचं नाव?"

"ऱ्हाऊ द्या भाऊ. गाडी चुकी जाई."

"नाव सांगा."

त्यांनी मान खाली घातली. "सुगंधा शे," ते इतकं हळू म्हणाले की मला पुढे वाकावं लागलं.

मी 'सुगंधा' घातलं आणि चडफडत पुन्हा गच्च आवळायला लावलं. पट्टी भरली तेव्हा एसटी सुटून गेली होती. एरंडोलला ती चहाला थांबते, नाही तर पारोळ्याला गाठू, म्हणून मी राजदूत फटफटी काढली. मागे बसलेल्या आबांनी फ्लॉपीचा खिसा हातानं दाबून धरला होता. वाटेत त्यांना आणखी कुणाचंही नाव आठवलं नाही.