जास्वंद न जगणारी जागा

कारखान्याच्या वसाहतीला लाल जास्वंदीचं कुंपण होतं. नवऱ्याच्या जागी नोकरीला लागल्यापासून बाईंनी ते पेन्सिलीएवढ्या फांद्या खोचून खोचून उभं केलं होतं. सव्वीस वर्षं झाली, सगळे त्यांना माळीणबाईच म्हणत. फाटकावर त्यांचा सख्खा भाऊ पहारेकरी होता.

एका वर्षी हातपंपाजवळची झाडं पिवळी पडली. कळ्या उमलायच्या आधीच गळू लागल्या. बाईंना वाटलं, पिठ्या ढेकूण असेल. साबणाच्या पाण्यानं पानं धुतली. मग वाटलं, पाणी साचत असेल. दोनदा नवी रोपं लावली, दोन्ही वेळा महिन्याभरात बुंधे काळे पडले. तिसऱ्यांदा त्यांनी कमरेइतकं खणायला घेतलं, तेव्हा कुदळ पत्र्यावर आदळली. गंजलेलं पिंप होतं. शेजारी दुसरं, त्यापलीकडे तिसरं. वासानं घसा धरला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

तशाच मातीच्या हातांनी त्या फाटकावर गेल्या.

"दादा, हातपंपाजवळ काय पुरलंय?"

"तुला कोणी सांगितलं खणायला?"

"माळीण आहे मी. खणू नको तर काय करू, फाटक राखू?"

दादानं इकडेतिकडे पाहिलं. "सुट्टीच्या दिवशी दोन ट्रक आले होते. साहेब म्हणाले, उघड. उघडलं. आपण हुकमाचे ताबेदार. माझी तीन वर्षं राहिलीत, बुजवून टाक."

बाई साहेबांकडे गेल्या. ते तर रागावलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "बाई, जास्वंद नाजूक. तिथं कण्हेर लावा, ती कशातही जगते."

बाईंनी खड्डा बुजवला आणि कण्हेर लावली. ती जगली. दुसऱ्या उन्हाळ्यात गुलाबी फुलांनी अशी लगडली, की लोक तिच्यापुढे उभे राहून फोटो काढायचे. बाईंना शाबासकी मिळाली. ती ऐकताना त्यांना मान वर करवेना.

वहिनीला मात्र त्यांनी खड्डा बुजवल्याच्या आठवड्यातच एकदा सांगितलं होतं, "पंपाचं पाणी पिऊ नका. टाकीचं भरत जा."

"टाकीपाशी रांगेत कोण ताटकळणार?" वहिनी हसली. "का गं? पंपाला काय झालंय?"

फाटकावर दादा उभा दिसत होता. "काही नाही, उगाच," बाई म्हणाल्या.

दीड वर्षानं वहिनीच्या पायांना सूज आली. दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. डॉक्टरांनी विचारलं, "पाणी कुठलं पिता?" दादा भिंतीकडे बघत राहिला. बाई फरशीकडे. शेवटी वहिनीच म्हणाली, "पंपाचं. चांगलं आहे, गार असतं."

पाच महिन्यांत ती गेली. कशानं, ते डॉक्टरांनाही नक्की सांगता आलं नाही.

आठवड्यानं भरदुपारी, पाळी बदलायच्या वेळेला, बाई कुदळ घेऊन पंपापाशी आल्या. पाणी भरणाऱ्या बायका बघत राहिल्या. बाईंनी फुललेली कण्हेर मुळापासून उपटली. एक, दुसरी, तिसरी. मग खणू लागल्या. पिंप उघडं पडल्यावर त्या वर आल्या.

"हे तुमच्या पाण्याशेजारी आहे. मला दोन वर्षांपासून माहीत होतं."

एका बाईनं हातातली कळशी खाली ठेवली, पुढं आली आणि त्यांच्या थोबाडीत मारली. कोणी अडवलं नाही. बाईंनी गाल चोळला नाही की तोंड फिरवलं नाही.

पंपाचा दांडा काढला गेला. पिंपं ट्रकमध्ये भरून कुठंतरी नेली. कुठं, ते कोणी विचारलं नाही. चौकशीत दादा म्हणाला, मला आठवत नाही. साहेबांची बदली झाली, तीही बढतीवर. बाईंना मात्र झाडांची नासधूस केल्याबद्दल कामावरून काढलं. त्या लेकीकडे राहायला गेल्या आणि एका रोपवाटिकेत पिशव्यांमध्ये माती भरू लागल्या.

बऱ्याच महिन्यांनी दादा तिथं आला. खूप वाळला होता. पिशव्यांच्या ढिगाशेजारी उकिडवा बसला.

"तिला तरी सांगायचं होतंस," तो म्हणाला.

"तू नवरा होतास तिचा, दादा."

दादानं एक रिकामी पिशवी उचलली आणि तिचं तोंड उघडं धरलं. बाईंनी तीत माती ओतली. उन्हं उतरेपर्यंत दोघं पिशव्या भरत राहिली.