अत्यंत कौशल्याने

आरोपपत्रात लिहिलं होतं, 'आरोपीने अत्यंत कौशल्याने बससेवेच्या संगणकप्रणालीत शिरकाव केला.' हे वाक्य मी सहा वेळा वाचलं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. एकोणतीस वर्षं मी त्याच बस कार्यालयात वेळापत्रकं केली. माझ्याबद्दलच्या अहवालात साहेब दरवर्षी दोनच शब्द लिहायचे, 'काम ठीक'. कौशल्य दिसलं ते शेवटी पोलिसांना.

निवृत्तीनंतर मी रोज सकाळी घरासमोरच्या थांब्यावर उभा राहायचो. कुठे जायचं नसायचं, गाड्या वेळेवर येतात का ते बघायचं. जित्याची खोड! नव्या वेळापत्रकात हॉस्पिटलची गाडी सहा दहाला सुटायची आणि तिला जोडणारी सहा बाराला यायची. हॉस्पिटलात साफसफाई करणाऱ्या बायका उतरून धावत सुटायच्या आणि गाडीची पाठ बघत उभ्या राहायच्या. मी कार्यालयात दोन पत्रं दिली. उत्तर नाही. मग एक दिवस घरच्या संगणकावरून आत शिरलो आणि सहा दहाचं सहा चौदा केलं. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरच्या हातातल्या छापील कागदावर सहा चौदा! हुरळलो. दोन महिन्यांत आणखी दहा गाड्या सुधारल्या. अकराव्या गाडीनंतर दारात पोलीस.

माझी वकीलबाई माझ्या मुलीच्या वयाची. तिने सरळ सांगितलं, "काका, दोन रस्ते आहेत. गुन्हा कबूल करा. सरकारी वकील तयार आहेत. तुरुंग नाही, पण गुन्हेगार हा शिक्का जन्मभर. नाहीतर खटला लढा. हरलो तर पाच वर्षं आत."

"आणि जिंकलो तर?"

"निर्दोष. पण त्यासाठी तुम्हाला यातलं काही कळत नाही, हे मला दाखवावं लागेल. पासवर्ड काय होता तुमचा?"

"वेळापत्रक," मी म्हणालो.

तिने काही न लिहिताच पेन खाली ठेवलं.

घरी येऊन मी जाहीर केलं, कबुली देणार. तुरुंगाची भीती होतीच, खोटं कशाला बोलू? पण भर कोर्टात माझ्या कौशल्याची सालं निघालेली मला बघवली नसती. झाकली मूठ बरी.

बायको म्हणाली, "म्हणजे गुन्हेगार म्हटलं तर चालेल, पण मठ्ठ म्हटलेलं चालणार नाही?"

"तसं नाही गं."

"तसंच आहे. अहो, फोनचा गजर लावायला मला हाक मारता तुम्ही!"

तारखेला मी इस्त्रीचा शर्ट घालून उभा राहिलो. मान डोलावली की सुटलो, अशी माझी समजूत. पण न्यायाधीशांनी चष्मा पुसत विचारलं, "काय केलंत, ते तुमच्या शब्दांत सांगा."

मी घसा खाकरला. "मी प्रणालीत प्रवेश मिळवला."

"कसा?"

"पासवर्ड टाकून."

"कोणाचा?"

"माझाच."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं.

"तो वापरू नका, असं तुम्हाला कोणी सांगितलं होतं का?"

"शेवटच्या दिवशी किल्ली घेतली, ओळखपत्र घेतलं, स्टेपलरसुद्धा परत घेतला. पासवर्डचं कोणी काही बोललं नाही."

न्यायाधीशांनी आरोपपत्र चाळलं. ते वाक्य त्यांनीही वाचलं असावं, कारण त्यांनी एकदा कागदाकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. "कबुली अशी घेता येत नाही. हे चूक आहे, हे ठाऊक असून तुम्ही नुकसान करायला आत शिरलात का? हो असेल तर कबुली मान्य करतो. नाहीतर खटला चालेल."

वकीलबाईने हळूच माझी बाही ओढली. फक्त 'हो' म्हणायचं होतं. पण नुकसान? त्या बायका दोन महिने धावल्या नव्हत्या. तेवढं एक काम मी आयुष्यात धड केलं होतं.

"नाही," मी म्हणालो.

बायकोही कोर्टात आली होती; आम्ही तिघं बाहेर आलो. वकीलबाई कपाळाला हात लावून म्हणाली, "काका, आता तुम्हाला मठ्ठ ठरवण्यावाचून इलाज नाही."

"ठरवा. मुख्य साक्षीदार माझ्या घरातच आहे," मी बायकोकडे बघून हसलो.

ती हसली नाही. तिने माझा हात घट्ट धरला. "पाच वर्षं," एवढंच म्हणाली.

आरोपपत्र आल्यापासून मी फक्त माझ्या अब्रूचा हिशेब मांडत होतो. मी आत गेलो तर ही एकटी कशी राहील, हे तिला एकदाही विचारलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

"चुकलं माझं," मी तिला म्हणालो. त्या दिवशी मनापासून दिलेली कबुली एवढी एकच.