खरोखरचा विधुर

चेहोचिनेकच्या आरोग्यधामात येणारा प्रत्येक पुरुष विधुर असतो. निदान तीन आठवडे तरी. परतताना गाडी त्यांच्या गावच्या स्टेशनात शिरली की बायका पुन्हा जिवंत होतात, असं माझी खोलीतली सोबतीण मिरका म्हणते, आणि ती इथे चौथ्यांदा आली आहे. त्यामुळे पहिल्याच संध्याकाळी नाचताना झेनॉनराव "मी विधुर" म्हणाले तेव्हा मी मान डोलावली आणि विश्वास अजिबात ठेवला नाही. एकतीस वर्षं मी रेल्वेत टीसी होते. तिकीट नसलेला माणूस किती मन लावून खिसे चाचपतो, ते मी रोज पाहिलेलं आहे.

पण तीन आठवडे संपत आले आणि काल नाच संपल्यावर ते म्हणाले, "लुत्सिनाबाई, किएल्त्सेला परत जाऊ नका. माझ्याबरोबर ग्रुजोंत्सला चला. राहायलाच."

मी म्हटलं, "उद्या तोरुनला जाऊ. फिरू, खाऊ. परतीच्या बसमध्ये सांगते."

मनातून मला जायचं होतं, हे आत्ताच सांगून टाकते. माझा नवरा बोलेक जाऊन सहा वर्षं झाली. सहा वर्षं मी दोन बटाटे सोलते आणि त्यातला एक उरतो. पण दुसरीच्या नवऱ्याबरोबर जायचं नाही, हे पक्कं होतं. बोलेक चार वर्षं अंथरुणाला खिळून होता, तेव्हा पुन्हा आजारी माणसाच्या चादरी धुणार नाही हेही पक्कं होतं, आणि ते मी पहिल्याच आठवड्यात झेनॉनरावांना तोंडावर सांगितलं होतं. ते हसून म्हणाले होते, "मी तर आत्ता कुठे सत्तरीचा झालोय."

सकाळी बसमध्ये चढताना मिरकाने माझी बाही ओढली. "कबरीबद्दल विचार गं. खोटा विधुर तिथेच घसरतो."

तोरुनमध्ये उतरलो तर ऊन पडलेलं. ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा, कोपऱ्याकोपऱ्यावर शेवंतीच्या कुंड्या. आम्ही सरळ वाकड्या बुरुजाकडे गेलो, कारण झेनॉनरावांना तिथे उभं करायचं हे मी बसमध्येच ठरवलं होतं. भिंतीला पाठ आणि टाचा टेकवायच्या, हात पुढे करायचे. मनात पाप असलेला माणूस पुढे कोसळतो, असं म्हणतात. शाळेच्या सहलीतल्या पोरी एकेक करून कोसळत होत्या आणि खिदळत होत्या.

मी चार मोजेपर्यंत टिकले. त्यात पुण्याईचा काही भाग नाही, चालत्या गाडीत उभं राहायची सवय.

"आता तुम्ही."

"माझी पाठ धरलीये हो."

"पाठ धरलेला माणूस जागचा हलत नाही. उभे राहा."

मी 'एक' म्हणायच्या आत ते माझ्या अंगावर आले. पोरींनी टाळ्या वाजवल्या. झेनॉनरावांचे कान लालबुंद झाले होते आणि मी ते नीट पाहून ठेवलं.

मग पिएर्निकच्या, म्हणजे मधाच्या मसालेदार केकच्या दुकानात. मध आणि लवंगेचा वास रस्त्यापर्यंत येत होता. त्यांनी माझ्यासाठी एक हृदयाच्या आकाराचं पिएर्निक घेतलं, वरून साखरेचं नक्षीकाम केलेलं, आणि हळूच दुकानदारणीला म्हणाले, "आणखी एक वेगळं बांधा. त्यात सुकामेवा अजिबात नको."

"ते कुणाला?" मी विचारलं.

"मुलीला. बेआताला. लहानपणापासून तिला चालत नाही. आता बावन्न वर्षांची आहे, पण बाबांनी पिएर्निक आणलंच पाहिजे."

मी मनात वजाबाकी केली. "म्हणजे अठराव्या वर्षी बाप झालात? भलतीच घाई होती तुम्हाला."

"हो," ते म्हणाले, "घाईच झाली." कान पुन्हा लाल. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि कॉल कट करून फोन खिशात टाकला.

जेवायला आम्ही गल्लीतल्या खाणावळीत बसलो, हातात ताट घेऊन रांगेत उभं राहायचं ती. आंबट सार, त्यात उकडलेलं अंडं आणि सॉसेज. सारातलं अंडं मला आवडतं हे त्यांनी कधी पाहिलं होतं कोण जाणे, त्यांनी आपलंही अर्धं उचलून माझ्या वाडग्यात टाकलं. माझं मन विरघळलं आणि मला माझ्या मनाचाच राग आला. चाळीस वर्षांत बोलेकने मला कधी अंडं दिलं नव्हतं.

फोन पुन्हा वाजला. या वेळी ते उठून बाहेर गेले. काचेतून मला दिसत होतं, खाली मान घालून ते नुसतं ऐकत होते, मधूनच मुंडी हलवत होते. जगात असं बोलणं माणूस फक्त बायकोचं ऐकून घेतो. सार गार झालं तरी मी चमचा लावला नाही.

परत आल्यावर ते म्हणाले, "बेआता होती."

"वाटलंच," मी म्हटलं. बेआता मुलगी की बायको, हे आता मला ठाऊक करून घ्यायचं होतं.

चर्चजवळच्या ठेल्यावर त्यांनी कबरीवर लावायचे दिवे पाहिले. एकेकाचं झाकण उघडून, वात कुठवर आहे ते बघून, वाऱ्यात टिकेल का म्हणून विचारून. मी सहज विचारल्यासारखं केलं, "दगड कशाने घासता हो?"

"कोमट पाणी आणि साधा साबण. व्हिनेगर चुकूनही नाही, पॉलिश जातं."

उत्तर बरोबर होतं. पहिल्या वर्षी मी बोलेकच्या संगमरवराची व्हिनेगरने वाट लावली होती. पण आईचा दगडही माणूस घासतोच. एवढ्यावर मी कुणाला गाडीत बसू दिलं नसतं.

विस्वा नदीच्या काठावर बाकावर बसलो. बस सुटायला तासभर होता. मी म्हटलं, "झेनॉनराव, तुमच्या बायकोच्या कबरीचा फोटो दाखवा."

"फोटो?"

"प्रत्येकाच्या फोनमध्ये असतो. दगड बसवला की आपण सगळ्या नातेवाइकांना पाठवतो."

आणि ते खिसे चाचपायला लागले. आधी कोटाचा, मग विजारीचा, मग पुन्हा कोटाचा. फोन त्यांच्या मांडीवर होता.

"मग बसपर्यंत थांबायची गरज नाही," मी म्हणाले. "माझं उत्तर नाही."

त्यांचा चेहरा असा उतरला की मला तिकडे बघवेना. नेमका तेव्हाच फोन वाजला. मला राहवलं नाही, मी तो उचलून कानाला लावला.

"बाबा, सांगितलंत की नाही अजून तिला?" एक बाई खेकसली. "सकाळपासून घोकतेय मी, आज शेवटचा दिवस आहे!"

"अजून नाही सांगितलं," मी म्हणाले.

"अगंबाई," ती म्हणाली. "मग फोन त्यांना द्या. आणि तुम्ही तिथून हलू नका, प्लीज."

झेनॉनरावांनी मुलीचं मुकाट्याने ऐकलं आणि फोटो काढून माझ्यापुढे धरला. काळा दगड. डाव्या बाजूला वांदा, १९४८ ते २०१७. उजव्या बाजूला, आमच्याकडे जोडीचं नाव एकदमच कोरून घेतात तसं, झेनॉन. १९४६, पुढे एक आडवी रेघ, आणि रेघेपुढे कोरा दगड.

वांदा खरंच गेली होती. मला आनंद झाला, आणि असल्या गोष्टीचा आनंद झाला म्हणून लाजही वाटली. मग नजर पुन्हा त्या सालाकडे गेली.

"सत्तर म्हणालात."

"हो."

"अठ्ठ्याहत्तर आहात."

"फेब्रुवारीत एकोणऐंशी पूर्ण होतील," ते म्हणाले. "तुम्ही त्या चादरींचं बोललात ना, तेव्हा तोंडातून सत्तर निघून गेलं. मग मागे फिरता येईना."

मला राग आला. त्याच्यामागून भीती आली, आणि ती रागापेक्षा मोठी होती. मी माझा फोन काढला आणि बोलेकचा दगड त्यांना दाखवला. शेजारी माझं नाव, १९५७, रेघ. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

"तुम्ही साल खरं सांगितलं होतंत," ते म्हणाले.

"मी टीसी होते."

"तुम्हाला बोलेकच्या शेजारून उठवायला मी आलेलो नाही, लुत्सिनाबाई. मीही वांदाकडेच जाणार. मी फक्त तोवरचं विचारतोय." मग घाईघाईने म्हणाले, "आणि चादरींचं मी बेआताशी बोलून ठेवलंय. ती मागच्याच इमारतीत राहते."

खरं तर चादरी धुवायचा मला कधीच कंटाळा नव्हता. धुवायला काही उरलं नाही, तो दिवस मला पुन्हा नको होता. हे मी त्यांना सांगितलं नाही. नदीवरून वारा येत होता, आम्ही पिएर्निकचा एकेक तुकडा मोडून खाल्ला आणि बसकडे चालू लागलो.

बसमध्ये ते माझ्या शेजारी बसले. मागच्या सीटवर मिरका कागदी पिशवी चुरचुरवत होती, म्हणजे कान टवकारून बसली होती.

पूल ओलांडल्यावर मी म्हणाले, "उद्या मी किएल्त्सेलाच जाणार."

"बरं," ते म्हणाले आणि खिडकीकडे पाहू लागले.

"शुक्रवारी सर्व संतांचा दिवस. बोलेकचा दगड घासायचाय. त्याच्या तिघी बहिणी कबरीवर येतात, भाचे येतात, शेजारपाजार, सगळे."

"येणारच."

"नळ पार उताराखाली आहे. पाणी वर आणावं लागतं. तुम्ही बादली घेऊन याल का माझ्याबरोबर?"

पिशवीची चुरचुर थांबली. तीन नणंदांच्या देखत, त्या दिवशी, नवऱ्याच्या कबरीवर कुणाला बादली घेऊन नेणं म्हणजे काय, हे बसमध्ये कुणाला समजावून सांगावं लागलं नसतं. झेनॉनराव हळूहळू माझ्याकडे वळले.

"भरलेली?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या वयाला अर्धी चालेल. दोन खेपा घाला." मी त्यांचा हात धरला, तो गार पडला होता. "शनिवारी ग्रुजोंत्सला, वांदाकडे जाऊ. तिथलं पाणी मी आणेन."