हरिबांच्या ढोलाचा बेस

मित्रांनो, मी एक जुना सिंथेसायझर आहे. हे नाव तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकलं नसेल, म्हणून सोपं करून सांगतो. पेटीला असतात तशा काळ्या-पांढऱ्या पट्ट्या मला आहेत, पण भाता नाही. माझा आवाज विजेतून तयार होतो आणि तो कसा असावा हे माझ्या छातीवरचे सत्तावीस नॉब ठरवतात. मी म्हातारा झालो आहे. गोड बोलायची सवय मला राहिलेली नाही. स्वतःची कहाणी सांगायला मला आवडत नाही. तरी सांगतो, कारण तुमचे कान अजून शाबूत आहेत.

माझा जन्म जपानमधला. बोटीनं मुंबईत आलो आणि काही वर्षं एका स्टुडिओत राहिलो. मग नव्या जातीचे कीबोर्ड आले. त्यांच्यात शेकडो आवाज तयार भरलेले असत, बटण दाबलं की हजर. माझ्यात तयार असं काहीच नाही. नॉब फिरवून आवाज घडवावा लागतो, आणि तेच नॉब कुणी हलवले की तो आवाज गेला. मी तो लक्षात ठेवू शकत नाही. एवढा खटाटोप कोण करणार? स्टुडिओनं मला एका ऑर्केस्ट्रावाल्याच्या गळ्यात मारलं. १९९३ साली दौंडला त्याचा कार्यक्रम होता. ऐन कार्यक्रमात माझी वाचा बसली. स्टेशनजवळ कोंडिबा आप्पांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, तिथं मला टाकून तो म्हणाला, "येताना नेतो." तो आलाच नाही.

आठ महिने मी फुटक्या टीव्हींच्या ढिगाखाली पडून होतो. झुरळांनी माझ्या पोटात अंडी घातली. एका उंदरानं माझी वायर कुरतडून तिथंच संसार थाटला. तो वास अजून माझ्या नाकात आहे असं म्हणालो असतो, पण मला नाक नाही. मित्रांनो, त्या वेळी मला वाटलं होतं, यापेक्षा घाण काही असू शकत नाही. मी चुकलो होतो.

मला त्या ढिगातून काढलं सुषमानं. इनामगावजवळ, घोड नदीच्या कडेला एक धनगरवाडी आहे, तिथली ही मुलगी. वडील हरिबा मेंढरं राखायचे, शिवाय वाडीच्या गजी मंडळात, म्हणजे धनगरी नाचाच्या पथकात, ढोल वाजवायचे. सुषमानं आयटीआयमधून रेडिओ-टीव्हीचा कोर्स केला होता. दौंडला रेल्वे कॉलनीत मावशीकडे राहून ती आप्पांच्या दुकानात कामाला येई. पोरगी म्हणून आप्पा तिला इस्त्र्या आणि मिक्सर तेवढे देत. एका दुपारी काम नव्हतं, तर तिनं माझं झाकण उघडलं, ओढणी नाकाला बांधली आणि ब्रश घेतला.

"आप्पा, ह्यो मेलेला न्हाई," ती म्हणाली. "नुसती घाण हाय पोटात."

"बघ बाई, जमलं तर," आप्पा म्हणाले. "न्हायतर भंगारात घालू."

तिला पंधरा दिवस लागले. जळालेले भाग तिनं एकेक करून बदलले. मी पुन्हा बोललो तेव्हा आप्पांनी इस्त्र्या दुसऱ्या माणसाकडे दिल्या आणि महागाचे टीव्ही तिच्यापुढे ठेवले. मला त्यांनी तिलाच देऊन टाकलं.

आता बेसची गोष्ट. गाण्याच्या तळाशी जो जाड, खालचा आवाज चालतो, त्याला बेस म्हणतात. रेल्वे कॉलनीतल्या ऑर्केस्ट्राला तो हवा होता आणि बेस गिटारवाला बदली होऊन सोलापूरला गेला होता. सुषमा म्हणाली, मी देते. ती रोज संध्याकाळी माझ्यापुढे बसू लागली. माझ्या आत दोन जागी कच्चा आवाज उठतो. एक करवतीच्या दातांसारखा खरबरीत, दुसरा पोकळ. पुढं एक चाळणी आहे, तिला फिल्टर म्हणतात. ती मिटत नेली की वरची करकर गळून जाते आणि मऊ गाभा उरतो. आवाज केवढ्या झटक्यानं उठावा, किती टिकावा, कसा विरावा, यांचे नॉब वेगळे. हे सगळं तिनं आठवड्यात ओळखलं. पण बेस काही बसेना. कधी ट्रक मागे घेताना घुरघुरतो तसा आवाज यायचा, कधी मोरीत पाणी तुंबल्यासारखा. मला स्वतःचीच लाज वाटायची.

शेवटी तिनं मला गोधडीत गुंडाळलं आणि एसटीनं वाडीला नेलं. हरिबा अंगणात बसले होते. तिनं त्यांना बेस ऐकवला.

हरिबांनी तो डोळे मिटून ऐकला. मग म्हणाले, "ह्यो कानात घुसतोय. छातीत न्हाई बसत."

"मग काय करू, आबा?"

त्यांनी खुंटीवरचा ढोल काढला आणि हातानं एकच थाप दिली. "ऐक. थाप पडली की आवाज जरा खाली बसतो. चालून दमलेली मेंढी बसती तसा. तुझा उभाच ऱ्हातोय."

सुषमानं एक नॉब अगदी किंचित फिरवला. आता पट्टी दाबली की माझा आवाज केसभर वरून सुरू व्हायचा आणि लगेच खाली येऊन टेकायचा. हरिबांनी मान हलवली.

"आन् दुसरं. दोन थापांच्या मधी मोकळं ठिव. माणूस तिथंच पाय उचलतंय. तू भरून टाकलंस तर त्यानं नाचायचं कुठं?"

तिनं विरण्याचा नॉब कमी केला. हरिबा ढोल वाजवत, ती माझ्यावर तेच उमटवी. आई गिताबाई भाकऱ्या थापता थापता मध्येच म्हणाल्या, "आता दोघांतला कंचा वाजला ते कळंना मला." त्या दिवशी मी जन्मलो असं मी समजतो. जपानमधलं ते नुसतं जोडकाम.

पुढची सहा-सात वर्षं माझी चांगली गेली. सुषमा डाव्या हातानं बेस वाजवायची. रेल्वेच्या हॉलमध्ये, लग्नात, गणपतीत आम्ही जायचो. आवाजाचा नॉब तिनं कधी निम्म्याच्या पुढे नेला नाही. एकदा पहिल्या रांगेत एक बाई तान्हं मूल घेऊन बसली होती. ते मूल माझ्या बेसवर झोपी गेलं. हरिबा एकदाच ऐकायला आले, फेटा बांधून. कार्यक्रम झाल्यावर कुणीतरी त्यांना विचारलं, बेस कुणी वाजवला? ते म्हणाले, "हात पोरीचा, थाप माझी."

२००० साली सुषमाचं लग्न झालं. सासर कोरेगाव भीमाचं. ती तिथल्या एका कारखान्यात पॅनेलच्या वायरिंगला लागली. दोन खोल्यांत सहा माणसं, मला जागा नव्हती. धाकटा भाऊ रविराज म्हणाला, "ताई, मी जिवापाड सांभाळतो." शिरूरला त्यानं साउंड भाड्यानं द्यायचा धंदा काढला होता. तिनं विश्वास ठेवला. मीही ठेवला.

पहिल्याच आठवड्यात त्यानं माझे नॉब फिरवले. सगळ्यात खालचा सूर, सगळ्यात जास्त जोर. आवाज आपोआप उघडझाप करत राहील अशी एक सोय माझ्यात आहे, ती त्यानं चालू केली. मग धडधड धडधड असा आवाज सुरू झाला. तो खूश झाला. हा आवाज हरवू नये म्हणून त्यानं काय केलं असेल? नळाची गळती बंद करायला लावतात तो राखाडी लगदा आणला आणि माझ्या नॉबांच्या बुडाशी थापला. दुसऱ्या दिवशी तो दगड झाला. सत्तावीसपैकी सव्वीस नॉब कायमचे जखडले. मोकळा राहिला तो फक्त आवाज वाढवायचा.

मित्रांनो, तुमचं तोंड उघडं ठेवून कुणी जबडा शिवून टाकला तर कसं वाटेल? तसा मी पाच वर्षं जगलो. टेंपोवर स्पीकरच्या खोक्यांची भिंत उभी राहायची आणि तिच्या पायाशी मी. वाजवायला माणूसही नको होता. माझी एक पट्टी दाबून तिच्या फटीत काड्यापेटी खोचून ठेवत. मी तासन् तास एकच ओरडत राही. पोरं माझ्या अंगावर गुटखा थुंकत. दारूचे ग्लास माझ्यावर ठेवत, ते कलंडले की चिकट पाणी माझ्या पट्ट्यांत झिरपे, त्यावर गुलाल बसे आणि माश्या येत. पण ह्या घाणीपेक्षा मला माझ्या आवाजाची किळस यायची. म्हातारी माणसं दारं लावून घ्यायची. बांधलेली गुरं दावी तोडायची. लोक म्हणत, "काय बेस हाय राव." त्यांना तो शब्द वापरताना ऐकलं की मला शिसारी येई. दोन थापांच्या मधली जागा भरून गेली होती, आणि खरंच, कुणी नाचत नव्हतं. नुसते हलत होते.

मग २००५ सालचा तो दिवस आला. वाडीच्या ग्रामपंचायतीची निवडणूक झाली होती. जिंकलेल्या मंडळींनी मिरवणुकीला रविराजचाच साउंड सांगितला. भर दुपारी टेंपो वाडीत शिरला आणि हरिबांच्या मेंढवाड्याला लागून थांबला. धनगर मेंढरांभोवती जाळी ठोकून कुंपण करतात, त्याला वाघूर म्हणतात. वाघुरीत गाभण मेंढ्या होत्या. हरिबा बाकीचा कळप घेऊन नदीकडे गेले होते.

"इथं नको, दादा, मेंढरं हायती," टेंपोचा ड्रायव्हर म्हणाला.

"पाच मिन्टांनी काय व्हतंय," रविराज म्हणाला. त्यानं काड्यापेटी खोचली आणि नॉब शेवटपर्यंत फिरवला.

मेंढ्या आधी एका कोपऱ्याकडे सरकल्या. मग एकमेकींच्या अंगावर चढू लागल्या. मेंढरू भ्यालं की पांगत नाही, एकवटतं. खालच्यांना श्वास मिळेना. गिताबाई घरातून धावत आल्या. त्या ओरडत होत्या, पण त्यांचं तोंड तेवढं हलताना दिसत होतं. माझ्यापुढे त्यांचा आवाज कसा पोचणार? नाचणाऱ्यांना वाटलं, म्हातारी नाचायला आली. एकानं त्यांच्या डोक्यावर गुलालाची मूठ रिकामी केली. दुसऱ्यानं हात धरून त्यांना गरकन फिरवलं. सगळे हसले. रविराज वरून बघत होता. आपली आईच ती, हे त्याला गुलालात ओळखू आलं नाही.

गिताबाईंनी हात सोडवून घेतला, टेंपोचं चाक धरून वर चढल्या आणि माझ्या पाठीतली वायर हिसकली.

सगळं थांबलं. कुणीतरी म्हणालं, "काय आज्जे, मजा घालवली." गिताबाईंनी वाघुरीकडे बोट केलं. नऊ मेंढ्या मेल्या होत्या. त्यांच्या पोटातली कोकरं वेगळी.

दुसऱ्या दिवशी सुषमा आली. भावाशी ती एक शब्द बोलली नाही. मला टेंपोवरून उतरवून घरात आणलं. गरम पात्यानं तिनं तो लगदा कापला. अकरा नॉब तुटले, त्यांचे उरलेले दांडे ती पकडीनं फिरवत राहिली. चार दिवसांनी तिला तो जुना आवाज सापडला. हरिबा उंबऱ्यात बसले होते. तिनं आवाज अगदी लहान ठेवून एकच पट्टी दाबली.

हरिबांचे खांदे आखडले. "बंद कर, पोरी."

"आबा, ह्यो तुमचाच हाय."

"व्हय. म्हणून तर बंद कर."

तिनं माझं बटण बंद केलं. हरिबांनी त्यानंतर ढोल खांद्याला लावला नाही. यात्रेला गजी मंडळ त्यांच्यावाचून गेलं.

महिन्याभरानं रविराज आला. साउंड त्यानं विकून टाकला होता. तो बापाच्या पायाशी बसला. "आबा, चुकलं माझं," तो म्हणाला. "शिव्या द्या, पर काईतरी बोला."

हरिबांचा आवाज मुळातच हळू, त्या महिन्यात आणखी बसला होता. त्यांनी लेकाच्या पाठीवर हात ठेवला. "झालं ते झालं, लेकरा," ते म्हणाले. "तू तेवढा कान दाखवून घे कुणाला तरी."

मला ते स्पष्ट ऐकू आलं. रविराज कानाला हात लावून पुढं वाकला.

"आं? काय म्हणला, आबा?"

हरिबांनी त्याच्याकडे पाहिलं, पाठीवरचा हात काढला नाही, पण पुन्हा बोलले नाहीत. रविराज उठून गेला. बापानं माफ केलं नाही, असं तो अजून लोकांना सांगतो.

मित्रांनो, हल्ली मी सुषमाच्या घरी कपाटावर असतो. ती महिन्यातून एकदा मला पुसते आणि थोडा वेळ वाजवते, दार लावून. माझं मागणं फार नाही. वाद्याच्या अंगावर थुंकू नका, ग्लास ठेवू नका, हे तर झालंच. पण आवाज मोठा करायला हात पुढं कराल तेव्हा आधी आजूबाजूला बघा. कुणाचं तोंड हलताना दिसलं, तर ते गात आहे असं समजू नका. आवाज खाली करा आणि जवळ जाऊन विचारा.