वाढत्या मापाची पेटी

आमच्या ह्यांनी जन्मभर कपडे शिवले. कापड मोजायची पट्टी सोडली तर लाकडाशी त्यांचा संबंध शून्य. तरी लेकीने नुसतं म्हणायचा अवकाश, "बाबा, माझ्या लहानपणच्या वस्तू मांडायला काचेची लाकडी पेटी हवी, नव्या खोलीत भिंतीवर लावेन," की टेलरमास्तरांच्या अंगात सुतार संचारला.

लेकीला परगावी नोकरी लागली होती. ती निघायच्या आत पेटी तयार व्हायला हवी होती. मला पेटीचं काही सोयरसुतक नव्हतं. माझा जीव अडकला होता तिच्या पहिल्यावहिल्या लाल बुटांत. एक बूट पेटीत जाईल आणि एक माझ्या कपाटात राहील, असा तह मी दोघांकडून कबूल करून घेतला होता. लेक जाणार ती जाणारच, पण निदान तिचा एक बूट तरी मला हवा होता.

ह्यांनी शिलाई मशीनवर फळी आडवी टाकली. गळ्यात टेप, कानावर खडू, आणि टाचण्या धरायची सवय म्हणून तोंडात खिळे. काही विचारलं की नुसतं "हूं हूं". मी म्हटलं, "गिळलेत तर मी काही उसवून काढणार नाही."

एकेक वस्तू टेबलावर मांडून त्यांनी मापं घेतली: पोहण्याचं पदक, दुधाच्या दाताची इवलीशी बाटली, काडी मोडलेला चष्मा, आणि बूट. फळ्या कापल्या, घासल्या, सरस लावून जोडल्या, प्रत्येक वस्तूला कप्पा केला. वर सरकणारी काच बसवली. आतून निळी मखमल अशी लावली की एक सुरकुती सापडेल तर शपथ. पेटी सुंदर झाली होती. तोंडावर मात्र मी बोलले नाही, नाहीतर हे डोक्यावर चढून बसले असते.

मग वस्तू आत ठेवल्या. बाटली कप्प्यात आडवी झाली. पदक कोपऱ्यात जाऊन बसलं. आणि बूट तर मैदानात चुकलेल्या पोरासारखा दिसायला लागला.

"अहो, मापं कसली घेतलीत?"

"बरोबर घेतलीत. चारी बाजूंनी शिलाईला बोटभर जादा माया सोडली."

"लाकडाला शिलाई?"

ह्यांनी कानावरचा खडू चाचपला. मग हळूच म्हणाले, "हात वळणावर गेला गं."

"आणि हा बुटाचा कप्पा? ह्यात तुमची इस्त्री मावेल!"

"तिचं काही करायचं तर वाढतं माप धरायचं, हा तुझाच हुकूम. फ्रॉक आखूड होतात म्हणून कोण डोकं खायचं माझं?"

"फ्रॉक आखूड व्हायचे, कारण पोरगी वाढत होती! बूट काय वाढणार आहे आता?"

लेक पोट धरून खालीच बसली.

पेटी जरा हलवली की बूट ठण्णकन काचेवर आदळायचा. "दुसरापण घाल आत, दोन्ही घट्ट बसतील," हे म्हणाले. मी उखडले. तह म्हणजे तह! मग कापूस भरून पाहिला, बूट आजारी दिसायला लागला. ह्यांनी हातोडी उचलली, तशी मी म्हटलं, "बुटाला खिळा माराल तर याद राखा."

ह्या घोळात निघायचा दिवस उजाडला. टॅक्सी दारात आली. ह्यांनी पेटी उचलली आणि आत ठण्ण झालं.

"बाबा, वाटेत काच फुटणार ही," लेक म्हणाली.

दोघंही माझ्याकडे बघायला लागली. दुसरा बूट सकाळपासून माझ्या हातातच होता. वाटलं, नाही म्हणावं. मग वाटलं, तिचा आहे, आपण कोण अडवणार? हात पुढे केला.

"घे बाई. तुझाच आहे."

तिने तो घेतला नाही. खाली वाकली आणि माझ्या उजव्या पायातली चप्पल काढून घेतली. मी "अगं, अगं" करेपर्यंत काच वर सरकवून तिने ती बुटाशेजारी ठेवलीसुद्धा. चपखल बसली. पेटी हलवून बघितली, आवाज नाही.

"अगं, घाणेरडी चप्पल ती! मखमलीवर?"

"आई, लहानपणी माझ्यामागे सगळ्यात जास्त कोण धावलंय? हिच्या थोरल्या बहिणीच ना? तुझा नेम कधी लागला नाही तो भाग वेगळा. ही नसली तर कसल्या माझ्या आठवणी?"

हे पेटीकडे बघत म्हणाले, "बघ. शेवटी वाढतं मापच कामी आलं."

टॅक्सी कोपऱ्यावर वळली तेव्हा मी एका पायात चप्पल आणि हातात लाल बूट घेऊन फाटकात उभी होते.

"आत चल, खडे टोचतील," हे म्हणाले.

"टोचू देत."

संध्याकाळी उरलेली चप्पल फेकायला म्हणून उचलली आणि कपाटात बुटाशेजारी ठेवून दिली. मागे वळले तर हे गळ्यात टेप घालून उभे. काही न विचारता त्यांनी दुसऱ्या पेटीसाठी बुटाचं माप घ्यायला सुरुवात केली.

"वाढतं धरा," मी म्हटलं, आणि मग मात्र मला रडू आवरेना.