हौगांगमधला पालथा गालिचा

मित्रांनो, मी एक जुना गालिचा आहे. वय पन्नाशीच्या पुढे, रंग मूळचा डाळिंबी, आणि थोडा गर्व आहे तो मी लपवत नाही. माझी हकीकत ऐकलीत तर तुम्हीही तो मला माफ कराल.

माझा जन्म इराणच्या डोंगराळ भागातल्या एका लहानशा कश्काई गावात झाला. कश्काई म्हणजे मेंढ्यांचे कळप घेऊन रानोमाळ हिंडणारे लोक. त्यांतली काही घरे एका झऱ्याकाठी कायमची राहिली, तेच हे गाव. झऱ्यामागे उभा कडा आहे आणि त्या कड्यावर फार प्राचीन काळी कुणीतरी चार आकृती कोरल्या. एक राजा, दोन सरदार आणि अगदी कडेला हातात फूल धरलेली एक स्त्री. गावातल्या बायका तिला राणी म्हणत आणि लग्न झालेल्या मुलीला आधी तिच्या पाया पडायला नेत.

गुलअंदाम नावाच्या बाईने मला विणले. आमच्याकडे कागदावरचा नमुना नसतो, जे डोळ्यांना दिसते तेच बोटांतून उतरते. गुलअंदामने माग कड्यासमोर मांडला आणि चारही आकृती माझ्यात गाठीगाठीने बसवल्या. दोन हिवाळे लागले. मी मागावरून उतरलो तेव्हा सारे गाव मला पाहायला लोटले होते.

पुढल्याच वर्षी भूकंप झाला. कड्याचा उजवा कोपरा कोसळला आणि राणीचा चक्काचूर झाला. ढिगाऱ्यातून एकच तुकडा धड निघाला, फूल धरलेला तिचा हात. गावकऱ्यांनी तो झऱ्यापाशी ठेवला. त्या काळी तिकडे कॅमेरा घेऊन कोण येणार? चौथी आकृती उरली ती म्हाताऱ्यांच्या आठवणीत आणि माझ्या अंगावर.

गुलअंदामचा नातू अरसलान मला घेऊन सिंगापूरला आला. तिथल्या वन-नॉर्थ या संशोधन-वसाहतीतल्या एका प्रयोगशाळेत तो संशोधन करत असे. शेजारच्या टेबलावर पुण्याची विनीता होती. त्याला डेंगी झाला तेव्हा तिने पंधरा दिवस मऊ खिचडीचा डबा पोहोचवला. दोन हजार बारा साली मायदेशी परतताना त्याने आपल्याकडची सर्वांत मोलाची वस्तू तिला दिली. ती वस्तू म्हणजे मी.

सिंगापूरच्या हौगांग भागातल्या विनीताच्या घरी माझे स्वागत थाटात झाले. पण आठवडाभरातच तिच्या सासूबाई मधुमती पुण्याहून राहायला आल्या. त्यांनी माझ्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "इतकी सुंदर वस्तू रोजच्या पायांखाली? चांगली बाजू पाहुण्यांसाठी राहू दे." आणि मला चक्क पालथे घातले. टीव्हीच्या रिमोटला प्लॅस्टिक घालणाऱ्या, नवे कप कपाटात ठेवून कान तुटलेल्या कपातून चहा पिणाऱ्या बाई त्या. पाहुणे आले, गेले. मला उलटायचे दर वेळी राहून गेले.

चार वर्षे मी जमिनीकडे तोंड करून पडलो होतो. मला फार वाईट वाटे. बाल्कनीतून येणाऱ्या उन्हाने माझी पाठ विटून गेली, सुलटी बाजू सारे विसरले आणि मी मुळातच असा भुरकट आहे, असा घरच्यांचा समज झाला. "आजी, सो ओल्ड अँड अग्ली लाह," असे नात अवनी सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली तेव्हा मी खरोखर खचलो. शेवटी विनीताने नवऱ्याला, तन्मयला सांगितले, "रविवारी हा खाली नेऊन ठेव. जुनं सामान न्यायला येतात ना, ते घेऊन जातील."

रविवार उलटला आणि सोमवारी संध्याकाळी अरसलानचा फोन आला. शहरातल्या संग्रहालयाचे लोक राणीचा हात न्यायला येणार होते. त्यांचे म्हणणे, कड्यावर चौथी आकृती कधी नव्हतीच, हा दगड दुसरीकडून आलेला आहे. पुरावा दाखवायला गावाला दोन दिवसांची मुदत होती. "विनीता, गालिचा आहे ना?"

विनीताने कपाळावर हात मारला. "आई, मी तो टाकायला सांगितला हो. त्याच्या आजीची एवढी एकच खूण, आणि मी ती कचऱ्यात घातली."

मधुमतीबाई आत गेल्या आणि पलंगाखालून मला ओढत घेऊन आल्या. "तन्मय उचलत होता, मीच म्हटलं, राहू दे. धड वस्तू टाकवत नाही गं मला." त्यांनी मला हॉलभर पसरले. या वेळी सुलटे.

मित्रांनो, सारे घर माझ्याभोवती गोळा झाले. माझा डाळिंबी रंग काल विणल्यासारखा होता. राजा, दोन सरदार आणि राणी, चौघेही माझ्यावर ताठ उभे होते.

विनीताने भराभर फोटो पाठवले. तासाभराने उत्तर आले. तिकडचे तज्ज्ञ म्हणत होते, फूल धरलेली बाई तर कुठल्याही गालिच्यात असते. विनीताचा चेहरा उतरला. मधुमतीबाईंचा जन्म मात्र क्रोशाचे रुमाल विणण्यात गेला होता. त्यांनी चष्मा चढवला, खाली बसल्या आणि सुईच्या टोकाने माझ्या गाठी मोजू लागल्या.

"विनीता, इकडे बघ. फुलाला पाच पाकळ्या, पण ही एक अर्धीच आहे. चारी बाजूंना एक गाठ चुकली नाही, ती बाई इथेच कशी चुकेल? तिने हे बघून विणलंय. त्याला विचार, दगडावरची पाकळी कशी आहे?"

अरसलान फोन घेऊन झऱ्याकडे धावला. फोनच्या पडद्यावर दगडाचा हात दिसला, मग फूल दिसले. चार पाकळ्या पूर्ण होत्या. पाचवीचा टवका उडालेला होता, बरोबर अर्धा, त्याच बाजूचा.

विनीताने सासूबाईंना कडकडून मिठी मारली. दोघीही रडत होत्या आणि अवनी माझ्यावर उड्या मारत होती. त्या उड्यांनी माझे अंग ठेचले, तरी मी तक्रार केली नाही.

हे जुळलेले पाहून, कड्यावर चौथी आकृती होती हे संग्रहालयाच्या लोकांनी मोकळेपणाने मान्य केले. राणीचा हात गावातच राहिला. पुढल्या वसंतात तो कड्याच्या पायथ्याशी, तिच्या मूळ जागेखाली बसवला गेला. बायका रंगीत रुमाल उडवत नाचल्या आणि तो सोहळा इकडे हौगांगमध्ये माझ्यावर बसून पंधरा जणांनी पाहिला. मला परत पाठवण्याची विनीताची तयारी होती. पण गावाचा निरोप आला, "जिने अर्धी पाकळी ओळखली, तिच्याच घरी तो शोभतो."

म्हणून मित्रांनो, एवढेच मागतो. जुनी वस्तू दाराबाहेर ठेवण्याआधी तिला एकदा उजेडात पसरा आणि शांतपणे पाहा. कुणाच्या तरी बोटांनी तिच्यात काहीतरी जपलेले असते. माझ्यात तर एक अख्खी राणी होती.