मोहनबाईंचं पथ्य

साडी समोर टाकली की मोहनबाई गठ्ठ्यातून तिला जुळणारा ब्लाउजपीस नेमका ओढून काढायच्या. पहूरच्या त्यांच्या कापडदुकानात बायका यायच्या त्या याच नजरेसाठी. यंदा मात्र चुका व्हायला लागल्या. एक बाई कापड परत घेऊन आली. "हा त काया आहे ना वं मोहनबाई! मले जांभया पायजे होता."

मोहनबाईंनी काळा तुकडा परत घेऊन हसून जांभळा दिला. पण सुनेने, हर्षिताने, ते पाहिलं आणि त्यांना जळगावला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

साखरेमुळे दोन्ही डोळ्यांच्या पडद्यावर रक्त पाझरत होतं. लेझर करावं लागणार होतं. डॉक्टरांनी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट पाहिला. "अकरा! सातच्या आसपास हवी. पथ्य पाळत नाही तुम्ही. असंच चाललं तर लेझर करूनही फार उपयोग नाही."

मोहनबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन आल्यापासून जैन रिवाजाप्रमाणे त्यांचा चौविहार होता. सूर्य मावळला की अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही. अशा बाईला कुणी पथ्य पाळत नाही म्हणावं?

डॉक्टरांनी त्यांना शेजारच्या खोलीत ज्योत्स्नाताईंकडे पाठवलं. रुग्णांना खाण्यापिण्याचं समजावून सांगणं हे त्यांचं काम. त्यांनी समजावण्याआधी विचारलं, "काकू, काल दिवसभर काय काय खाल्लं ते वेळेसकट सांगा बघू."

मोहनबाई सांगत गेल्या. संध्याकाळचं जेवण साडेपाचला.

"आणि संध्याकाळचं इन्सुलिन?"

"आठला," हर्षिता म्हणाली. "कागदावर तसंच लिहिलंय. मी रोज आठवण करते."

"रोज घेता, काकू?"

मोहनबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "आधी घ्यायचे. घेतलं की थोड्या वेळाने घाम फुटायचा, हातपाय थरथरायचे. त्या वेळी तोंडात काही घालता येत नाही ना! एकदा माळ जपता जपता आडवीच झाले. मग सोडलं. सुई भरायची आणि मोरीत रिकामी करायची."

"मम्मीजी! मला का नाही सांगितलं?"

"तू मला नियम मोडायला लावला असतास."

हर्षिताने मान खाली घातली. तिने खरंच तसं केलं असतं.

"नियम राहू द्या," ज्योत्स्नाताई म्हणाल्या. "सुईची वेळ बदलता येते का बघू." त्यांनी तिथूनच मोहनबाईंना इन्सुलिन लिहून देणाऱ्या जामनेरच्या डॉक्टरांना फोन लावला. सगळं ऐकून ते म्हणाले, "रात्रीच्या जेवणाआधी म्हणून मी आठ लिहिले; जेवतात किती वाजता, हे मी कधी विचारलंच नाही." त्यांनी डोस कमी केला आणि सुई साडेपाचच्या जेवणाआधी घ्यायला सांगितली. तरीही कधी थरथर झाली तर लगेच साखर खायची, मग सूर्य मावळलेला का असेना. हे मात्र मोहनबाईंना पटेना. शेवटी त्यांनी गावात आलेल्या साध्वीजींना विचारलं. "आजारात सूट असते, बाई. औषध म्हणून घ्या," त्या म्हणाल्या, तेव्हा कुठे मोहनबाईंनी उशाशी ग्लुकोजची पुडी ठेवली.

सिरिंजवरच्या रेघा त्यांना आता दिसत नव्हत्या, म्हणून सुई हर्षिता भरायला लागली. अडचण होती गिऱ्हाइकांची. साडेपाच म्हणजे दुकानात ऐन गर्दीची वेळ; आजवर त्या गल्ल्यावरच डबा उरकायच्या, आता सुईसाठी घरी जावं लागे. पण त्यांचे यजमान पारसमलजी म्हणाले, "तू जेवून ये, मी बसतो गल्ल्यावर." ते गुलाबी साडीला खुशाल केशरी तुकडा काढून देत. बायका हसत आणि मोहनबाई येईपर्यंत थांबत.

चार महिन्यांनी पुन्हा जळगाव. दोन्ही डोळ्यांचं लेझर झालं होतं. गेलेली नजर परत येणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पण नवं रक्त कुठेच नव्हतं. आणि साखर आठवर आली होती.

मोहनबाईंनी दवाखान्याच्या पायरीवरूनच दुकानात फोन लावला. "अहो, आठ आली!"

"आठची गाडी?" गिऱ्हाइकांच्या गलक्यात पारसमलजी ओरडले. "एवढा उशीर? मग तुझ्या जेवणाचं काय?"

"गाडी नाही हो, साखर!" मोहनबाई इतक्या मोठ्याने हसल्या की रांगेतली माणसं वळून बघायला लागली.